सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, मामा?

परवा रात्री दहाच्या सुमारास भाच्याचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन म्हणजे एकतर घरी कुणाला बरं नाही, नाहीतर याला पैसे हवेत, असं समजून उचलला. दोन्ही नव्हतं. "मामा, मला गाणी बनवायची आहेत. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?"

"बनवायची" हा शब्द माझ्या कानात अडकला. आमचे बाबा चाल "बांधायचे". नाटकवाले गाणं "बसवतात". हा "बनवणार" आहे. असो.

पठ्ठ्याने तयारी जोरात केली होती. एक्सेलमध्ये तक्ता केलेला. एफएल स्टुडिओ, एबलटन, क्यूबेस, रीपर आणि आणखी तीन. पुढे किंमत, रॅम किती लागते, कोण वापरतं. तीन महिने व्हिडिओ बघून केलेला तक्ता. मी विचारलं, या तीन महिन्यांत काही वाजवलंस का? तर म्हणे, "कसं वाजवू, ठरलंच कुठे अजून!"

मला हसू आलं आणि थोडं कसंसंही झालं, कारण वीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच करून बसलो होतो. त्याला फोनवर उत्तर दिलं नाही, विचार करून सांगतो म्हटलं. तो विचार इथे लिहितोय. आत्या, काकू वगैरे मंडळींनी मधला कॉम्प्युटरचा भाग वगळला तरी चालेल, पुढे बाबा येणार आहेत.

तर 2004-05 चं नागपूर. माझ्याकडे जोडून घेतलेला कॉम्प्युटर, विंडोज एक्सपी, 512 एमबी रॅम, मागे गुलाबी रंगाचं माइकचं भोक. इंटरनेट कूर्मगतीचं. सॉफ्टवेअर "घ्यायचं" म्हणजे बर्डीवर जायचं आणि शंभर रुपयांत एक सीडी आणायची, जिच्यावर मार्करने काहीतरी खरडलेलं असे आणि जिच्यात पन्नास प्रोग्रॅम कोंबलेले असत. चोरीचा माल होता हे कबूल करतो. त्या पापाचं फळ पुढे मिळालंच.

निवड आम्ही करत होतो असं आम्हाला वाटायचं. आज मागे वळून बघितलं की कळतं, निवड आधीच होऊन गेलेली असायची. रहमान लॉजिक वापरतो म्हणून आम्हाला लॉजिक हवं होतं. पण ते बनवणारी जर्मन कंपनी ॲपलने 2002 मध्ये विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. मॅक आमच्या ओळखीत एकाकडेही नव्हता. प्रो टूल्स 1991 मध्ये आलं तेव्हा चार ट्रॅकची ती यंत्रणा सहा हजार डॉलरची होती. पुढे स्वस्त झाली, पण आमच्यासाठी ते नावच घ्यायचं नव्हतं. उरलं काय? तर सीडीवर जे होतं ते, आणि त्यातलं जे शेजारच्या पोराला येत होतं ते.

शेजारच्या पोराला फ्रूटीलूप्स येत होतं. हे नाव आठवतं का कुणाला? बेल्जियममधल्या एका छोट्या कंपनीने 1997 च्या शेवटी काढलेला प्रोग्रॅम. सुरुवातीला गाणी करायचं साधन नव्हतंच ते, नुसतं ढोल वाजवायचं यंत्र होतं. सोळा चौकोन एका ओळीत, ज्याच्यावर टिचकी माराल तिथे ठोका. अमेरिकेत केलॉग्जचं जवळपास याच नावाचं न्याहारीचं खाणं असल्याने भानगड झाली आणि 2003 मध्ये त्याचं एफएल स्टुडिओ झालं. पण गल्लीत ते फ्रूटीलूप्सच राहिलं. गणपतीच्या मिरवणुकीसमोर वाजणारे डीजे मिक्स करणारी कितीतरी पोरं याच सोळा चौकोनांवर शिकली. त्यांना कुणी तक्ता करून दिला नव्हता. एका मित्राने दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

आता इतिहास म्हणून जरा आणखी मागे जातो. आवाज यंत्रात धरून त्याच्यावर काम करणं ही फार काळ श्रीमंतांची आणि कंपन्यांची गोष्ट होती. आपल्याकडे ती पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हातात दिली ती कॅसेटने, 1980 च्या दशकात. तवा काढायला कारखाना लागायचा. कॅसेटला गायक, चारदोन वादक, एक छोटी खोली आणि कॉपी करणारं यंत्र पुरायचं. नागपुरात हे बघायचं तर दीक्षाभूमीवर जायचं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी लाखो लोक येतात आणि पुस्तकांचे स्टॉल हे तिथलं वैभव आहे. त्याच्याच शेजारी भीमगीतांचे स्टॉल. मी लहानपणी तिथे कॅसेटच्या भिंती पाहिल्यात. मग त्या सीडीच्या झाल्या, मग "मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील" अशा पाट्या आल्या. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटबरोबर कधी न ऐकलेल्या नावांच्या कॅसेटही तिथे असत. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंदेंची गाणी मी आधी तिथल्या भोंग्यांवर ऐकली. ही गाणी कुठल्या भारी स्टुडिओची वाट बघत थांबली नाहीत. जे यंत्र परवडलं त्याच्यावर ती झाली, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

पूर्वेला झाडीपट्टीत, वडशाच्या नाटकांत, तसंच. तिथे कीबोर्डला "ऑर्गन" म्हणतात आणि शेजारी ऑक्टोपॅड असतो. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड 1985 चा. जपानी माणसाने कशासाठी केला असेल, आणि तो रात्रभर चालणाऱ्या नाटकात भंडारा-गडचिरोलीकडे काय काय वाजवतो!

आता बाबा.

बाबांची सरकारी नोकरी होती आणि महालातल्या घरात एक पेटी होती. संध्याकाळी चहा झाला की पेटी. आवाज बेताचा, पण लय पक्की. 2007 च्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात आलं की बाबांचं गाणं रेकॉर्ड करायचं, आणि ते नुसतं टेपवर नाही, "प्रॉपर" करायचं. पेटी एका ट्रॅकवर, गळा दुसऱ्यावर. दीडशे रुपयांचा माइक आणला. सॉफ्टवेअर त्याच शंभर रुपयांच्या सीडीतलं. कुठलं ते सांगत नाही, त्याची काही चूक नव्हती.

पहिली अडचण भारनियमन. वीज ठरल्या वेळेला जायची आणि कधी न ठरवताही जायची, त्यामुळे सगळं पहाटे.

दुसरी अडचण हेडफोन. बाबांच्या कानाला लावला, त्यांनी पेटीवर सा धरला आणि लगेच हेडफोन काढला. "अरे, हे मागून येऊन राहिलं." बोट दाबल्यावर आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन कानाशी परत यायला जो वेळ लागतो तो. साध्या साउंडकार्डावर हा उशीर सहज लक्षात येण्याएवढा असायचा. उपाय म्हणजे एक फुकटचा ड्रायव्हर टाकायचा, तो मला दोन आठवड्यांनी कळला. तोपर्यंत बाबा एक कान उघडा ठेवून वाजवत.

तिसरी अडचण खरी होती, आणि तिच्यामुळे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की सॉफ्टवेअरलाही स्वतःचं मत असतं. नवीन फाइल उघडली की बहुतेक प्रोग्रॅममध्ये वर लिहिलेलं येतं: 120, चार बाय चार. म्हणजे मिनिटाला 120 ठोके, आणि दर चौथ्या ठोक्यानंतर नवा घर. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर हेच. मिडीच्या फाइलचा नियमच तसा आहे. आणि बाबा गात होते झपताल. दहा मात्रा, दोन, तीन, दोन, तीन. कानात टिकटिक चालू, दर चौथ्याला वरचा "टिंग". बाबांची सम येते तिथे टिंग नाही, आणि भलत्याच ठिकाणी टिंग. चाळीस वर्षं सम न चुकलेला माणूस चार ओळींत तीनदा अडखळला. त्यांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, "याला झपताल येत नाही का?"

येत होता. पाच बाय चार लिहायचं होतं, म्हणजे दोन घरांत एक आवर्तन. मला ते शोधायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत बाबांना मात्र असं वाटलं की आपलंच वय झालं. हे मला अजून टोचतं.

आणि सुरांचं? मिडी म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, 1983 ची. तिच्यात प्रत्येक सुराला एक नंबर, शून्य ते 127. दोन नंबरांच्या मधलं काही हवं असेल, म्हणजे मींड, आंदोलन, तर त्याची वेगळी सोय करावी लागते. सप्तकाचे बारा सारखे तुकडे. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो त्याच्यापेक्षा या बारा तुकड्यांतला शुद्ध गंधार किंचित चढा आहे, साधारण एका अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. कान तयार असेल तर टोचतो.

हे मी मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगितलं, की कॉम्प्युटरचे सूर खोटे आहेत. बाबा हसले. म्हणाले, "पेटीचे कुठे खरे आहेत?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे वाचून ताडून पाहिलं. पेटीसुद्धा बाहेरून आलेलं यंत्रच. पॅरिसमध्ये 1842 मध्ये दबें नावाच्या माणसाने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायाने हवा भरायची ती. 1880 च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हाताच्या भात्याची केली आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या पुढ्यात आली. आपल्याकडे संगीत नाटकाने ती उचलली. गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस पेटीवर असा बसला की लोक पेटी ऐकायला यायचे. 1911 च्या "मानापमान"च्या चाली त्यांच्याच. आणि शिकणाऱ्यासाठी तर ती वरदान होती. सारंगी शिकायला जन्म जातो, तंबोरा लावायला कान लागतो. पेटीचा सा दाबला की सा येतो.

पण तिचे सूरही बारा, ठोकून बसवलेले. जाणकारांना ते खुपलंच. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची वेगळी हार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलंच वाजलं, भातखंडे विरोधात. लोकांनी ती पेटी घेतली नाही ती नाहीच. साधी, थोडी खोटी, सगळ्यांना येणारी पेटीच घरोघरी राहिली.

नंतर आकाशवाणीने तर 1940 मध्ये पेटीला दारच बंद केलं. परकी, मींड न येणारी वगैरे कारणं होती. रवींद्रनाथांचाही तिच्यावर राग होता. हे दार अर्धवट उघडलं ते 1971 मध्ये. म्हणजे नागपूर आकाशवाणी 16 जुलै 1948 ला सुरू झाली तेव्हा पेटीवाल्याला तिथे जागा नव्हती. बाबा म्हणायचे, "रेडिओवर नाही, पण घरोघरी होती. शिकणारा घरी असतो."

यानंतर माझा तोरा उतरला. टिकटिक पाच बाय चार झाली, हेडफोनचा उशीर कमी झाला, आणि बाबांनी पेटीचा ट्रॅक वाजवून दिला. मग नुसतं गायचं होतं. ते त्यांना विचित्रच वाटलं, "पेटी आणि गळा वेगळा कसा करू?" शेवटी त्यांनी गाताना बोटं मांडीवर चालवली. सहा पहाटे लागल्या. मी म्हटलं, सवडीने नीट मिक्स करतो.

सवड झाली नाही. नोकरी, पुणे, लग्न. 2011 मध्ये बाबा गेले.

2013 ला नवीन लॅपटॉप घेतल्यावर ती फाइल उघडायला गेलो. प्रोग्रॅम नवीन विंडोजवर चालेना. चोरीचा, त्यामुळे दाद कुणाकडे मागणार? दुसऱ्या एका ठिकाणी फाइल घातली तर एक पांढरी चौकट आणि "सापडत नाही" असं दहा वेळा. मी लॅपटॉप मिटून टाकला तो काही वर्षं पुन्हा तिकडे गेलो नाही.

सॉफ्टवेअरं अशी मरतात, आणि पैसे भरून घेतलेलीही मरतात. केकवॉक घ्या. 1987 मध्ये बॉस्टनकडच्या ग्रेग हेंडरशॉटने डॉसवर चालणारं केलं, माझ्या पिढीतल्या पुष्कळांचं पहिलं सॉफ्टवेअर. 2013 मध्ये गिटारवाल्या गिब्सनकडे गेलं, नोव्हेंबर 2017 मध्ये गिब्सनने काम बंद केलं. पैसे भरलेले लोक रस्त्यावर. 2018 मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन चक्क फुकट वाटायला सुरुवात केली, हे त्यांचं नशीब. तसंच ॲसिड. 1998 चं, सोनिक फाउंड्रीचं, मग सोनीचं, मग माजिक्सचं. एक्सेलच्या तक्त्यात "किती वर्षं जगेल" हा रकाना नसतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये जुनी हार्डडिस्क पुन्हा लावली. या वेळी मुख्य फाइलच्या नादी न लागता शेजारचं "ऑडिओ" नावाचं फोल्डर उघडलं. त्यात 41 वेव्ह फाइली. "ट्रॅक 2, 14", "ट्रॅक 3, 6" अशी नावं. वेव्ह हा 1991 चा प्रकार आहे, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमचा, आणि तो कशातही उघडतो. दोनदा टिचकी मारली आणि बाबा खाकरले.

पण तुकडे कुठून कुठे सुरू होतात ते त्या मेलेल्या मुख्य फाइलमध्ये लिहिलेलं होतं. पेटी एकीकडे, गळा एकीकडे, आणि जोडणार कसं? मी रीपर उतरवून घेतलं. (विनॅम्प करणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनेच हे केलंय. साठ दिवस फुकट, मग साठ डॉलर. या वेळी भरले.) 41 तुकडे एकाखाली एक टाकले आणि कानाने जुळवायला बसलो. जमेना. बाबांची लय पक्की, पण सुरुवात कुठे?

मग मोठ्या आवाजात ऐकताना मागे काहीतरी बारीक ऐकू आलं. टिक, टिक. बाबा एक कान उघडा ठेवायचे ना, तो मोकळा हेडफोन माइकजवळ लोंबायचा. त्यांना न आवडलेली ती टिकटिक त्यांच्या आवाजाबरोबर प्रत्येक तुकड्यात उतरली होती. दर पाचव्याला टिंग. पेटीच्या तुकड्यातही तीच, गळ्याच्याही तीच. टिंगखाली टिंग ठेवत गेलो. तीन रात्रींत सगळं जुळलं. आईला फोनवर ऐकवलं. ती फक्त म्हणाली, "भात्याचा आवाज येतोय बघ." येतो. भात्याच्या डाव्या बाजूला एक भेग होती, ती अजून आहे.

तर भाच्याला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी फोन केला आणि विचारलं, तुझ्या मित्रांत कुणी हे करतं का? म्हणे नंदनवनला एक आहे, त्याच्याकडे एफएल आहे. म्हटलं मग झालं, तेच घे. त्याच्याकडे जाऊन बस. एकदा पैसे भरले की पुढच्या आवृत्त्या फुकट देतात, आणि फुकटातल्या फुकटात बघायचं तर चाचणीची आवृत्ती आहेच. तक्ता मिटवून टाक. त्याला उत्तर फार सोपं वाटलं असावं. "बस, एवढंच?" म्हणाला.

काल रात्री मेसेज आला. आजीकडे गेला होता, ती कपाटातली पेटी काढून बसली होती आणि याने मोबाइलवर वाजवलेलं धरलं होतं. "मामा, हे आजीचं दहा मात्रांचं आहे. एफएलमध्ये बसून नाही राहिलं. कुठे लिहू?"

मी लिहिलं, पाच बाय चार. आणि झालं की प्रत्येक ट्रॅकची वेव्ह पहिल्या ठोक्यापासून काढून ठेव.

लगेच उत्तर: "वेव्ह काऊन?"

मी फोन लावला.